मुलांचा अ‍ॅनिमिया: ताट सुधारायचं की सरळ गोळ्या?

पिंपळपान:
वयात येणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन जरा कमी आलं की लगेच लोहाची गोळी, हे मला काही पटत नाही. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या यांतलं लोह शरीर आधीच कमी शोषतं आणि त्यात जेवणासोबत चहा ढोसला की आणखी घटतं. चहा तास-दीड तास लांब ठेवा, जेवणात लिंबू पिळा, कडधान्यांना मोड आणा, निम्मं काम तिथेच होतं.

खवचट:
निम्मं? कोणी मोजलं? अमेरिकेतली शिफारस 14 ते 18 वयाच्या मुलीला रोज 15 मिग्रॅ लोह सांगते, 100 ग्रॅम पालकात जेमतेम पावणेतीन, त्यातलंही बरंचसं अंगाला लागतच नाही. वाढीचं वय, वर दर महिन्याची पाळी, हिमोग्लोबिन 9 आलेल्या पोरीला लिंबू काय पुरणार? गोळी द्या आणि आकडा वर आला म्हणून लगेच थांबवू नका, साठा भरायला पुढे अजून 2-3 महिने द्यावी लागते. आणि ते बीट पाजणं आवरा प्लीज, लाल दिसतं म्हणून रक्त होत नाही.

पिंपळपान:
9 असेल तर द्याच की, मी कुठे नाही म्हटलं? मी काठावरच्यांबद्दल बोलतोय. गोळीने पोट बिघडतं, शी काळी होते, मुलं घाबरून मधेच सोडतात, आणि खाणं तेच राहिलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

रातकिडा:
लहान पोरांचं काय मग? तिथे खरा व्हिलन दूध. गायीच्या दुधात लोह नसल्यात जमा आणि त्यानेच पोट भरलं की पोरगं जेवत नाही. आमचा भाचा बाटली दिसली की खूश, चमचा दिसला की तोंड घट्ट मिटून मान फिरवणार. गुटगुटीत होता त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, आणि वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून गायीचं नकोच.

खवचट:
दुधाचं मान्य. आहारवाल्यांचं एवढं एकच.

एमसीव्ही_बघा:
भांडताय सगळे लोहावरच, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, केलीय का कुणी? थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषात पण हिमोग्लोबिन कमी आणि रक्तातल्या लाल पेशी लहान दिसतात, लोहाची कमतरता नसेल तर गोळ्यांनी आकडा हलत नाही आणि लोक महिनोन्महिने देत बसतात. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्या मुलांत बी12 कमी पडू शकतं, तिथे पेशी बहुधा मोठ्या दिसतात.

पिंपळपान:
म्हणजे काठावरच्या प्रत्येक पोराला सुया टोचत बसायचं?

एमसीव्ही_बघा:
एका सुईत सगळं होतं हो. अंदाजाने सहा महिने गोळ्या चारण्यापेक्षा बरं.