इंदूरला एक रात्र की दोन?

बी-६०४ काकू: सगळ्यांना नमस्कार 🙏 डिसेंबरमध्ये आमच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. मुलं म्हणतायत हॉल घेऊ, पण ह्यांनी आणि मी ठरवलंय की दोघांनीच कुठेतरी जायचं आणि मनसोक्त खायचं. देवदर्शन नाही, स्थळदर्शन नाही. इंदूरबद्दल खूप ऐकलंय. कोणी जाऊन आलंय का? शनिवार-रविवार पुरतो का?

ए-५०२: काकू, मनापासून अभिनंदन! आम्ही दोघंही पुढच्या महिन्यात तिकडेच चाललोय. आमच्या हातात फक्त शनि-रवि आहे, त्यामुळे उत्तरं मलाही हवी आहेत.

सी-३०१ दादा: दोन दिवस भरपूर झाले. अवंतिका एक्सप्रेस शुक्रवारी संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून निघते, शनिवारी सकाळी इंदूर. उतरल्या उतरल्या उज्जैन करून घ्या, ५५ किलोमीटर आहे. रात्री सराफा, म्हणजे तिथली रात्रीची खाऊगल्ली. रविवारी पहाटे महेश्वर, संध्याकाळची परतीची गाडी. सगळं बसतं.

ए-२०३: काकू, आधी खूप शुभेच्छा ❤️ दादा, रागावू नका, पण हे बसवूच नका. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा अगदी असंच केलं होतं. उज्जैनहून येताना दुपारी चारला रस्त्यात दाल-बाफले खाल्ले. बाफला आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. दोन खाल्ले की रात्रीपर्यंत भूक लागत नाही. सराफ्यात पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते, पाय गेले होते आणि पोट भरलेलं. समोर ती अख्खी गल्ली पेटलेली, तुपाचा वास, आणि आम्ही एक दहीवडा आणि एक कुल्फी खाऊन खोलीवर परत. रविवारी संध्याकाळी गाडी. इतकं वाईट वाटलं होतं.

ए-२०३: म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो. फक्त इंदूर, दोन रात्री, बाकी काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे काकू, की तिथे दिवस मोजू नका, रात्री मोजा. सराफा रात्री असतो, आणि एका रात्रीत तो होत नाही.

बी-६०४ काकू: म्हणजे दिवसा काहीच नसतं का तिथे?

सी-७०१ काका: मी सांगतो. माझं सगळं बालपण इंदूरचं. सराफा म्हणजे खरंच सराफ बाजार, दिवसा सोन्या-चांदीची दुकानं. रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात, ती मध्यरात्रीनंतरही चालतात. जुने लोक सांगायचे की सराफांनीच हे वाढू दिलं, कारण रात्रभर माणसांची वर्दळ असली की दुकानं सुरक्षित. राजवाड्यापासून चालत पाच मिनिटं. मल्हारराव होळकरांचा तो सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. रात्री त्याच्यासमोरून चालत जाऊन गल्लीत शिरायचं. आमचे वडील आम्हाला तसंच न्यायचे.

ए-५०२: काका, मग आधी काय खायचं आणि शेवटी काय? यादी द्या ना.

सी-७०१ काका: यादीने खाऊ नकोस बाळा. पण सुरुवात भुट्ट्याच्या किसाने कर. मक्याचं कणीस किसून तुपावर मोहरी-हिंग-मिरचीच्या फोडणीत परततात, दूध घालून शिजवतात. मऊ, गोडसर, वरून लिंबू-कोथिंबीर. पोटाला हलका.

ए-२०३: काका म्हणतात ते खरं, तो किस ऑगस्टमध्ये खाल्ला, अजून आठवतो. ओल्या मक्याचा हंगाम होता. आम्ही एक नियम केला होता आणि त्यानेच सगळं साधलं: एक प्लेट, दोन चमचे. कुठेही दोन प्लेट घ्यायच्या नाहीत, कितीही आवडलं तरी. एकदा नवऱ्याने निवडायचं, एकदा मी. ते गोडाचे, मी तिखटाची. त्यामुळे मी कधी खाल्लाच नसता तो मावाबाटीचा (खव्याची मिठाई) तुकडा खाल्ला, आणि त्यांनी खोपरा पॅटिस. (बाहेर बटाटा, आत ओल्या खोबऱ्याचं सारण. ‘छप्पन दुकान’ नावाच्या खाऊच्या रांगेत मिळतो, सराफ्याच्या नादात तो राहू देऊ नका.) पहिल्या रात्री आम्ही सात पदार्थ चाखले आणि तरी पोट जड झालं नाही.

ए-२०३: जोशींच्या दहीवड्याला थांबा. द्रोण हवेत उडवून झेलतात, मग एकाच चिमटीतून एकेक मसाला वेगवेगळा सोडतात. लोक त्यासाठी फोन काढून उभे असतात, पण मला दहीच लक्षात राहिलं. घट्ट, गार आणि जराही आंबट नाही. जलेबा म्हणजे हातभर जिलेबी, दोघांनाही एक संपत नाही. साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी नसते: मोकळा शिजवलेला साबुदाणा, वर शेव, फराळी मिक्श्चर, लिंबू आणि जिरावण (तिथला मसाला), समोर कालवून देतात. आपण उपासाची म्हणून नाक मुरडतो, तिथे ती मध्यरात्री रांगेत उभं राहून खातात.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ११ ते दुपारी १ टाकी साफ करण्यासाठी पाणी बंद राहील. सर्वांनी आधी भरून ठेवावे.

बी-६०४ काकू: हो भाऊ, भरून ठेवते.
ए-२०३, एक काळजी आहे. ह्यांना शुगर आहे, रात्री आठला जेवण आणि गोळी ठरलेली. आणि माझे गुडघे. गर्दीत उभं राहून खाणं जमेल का?

बी-१०२ डॉक्टर ताई: काकू, काका रात्री कोणती गोळी घेतात त्यावर अवलंबून आहे, त्यामुळे जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते. आठची गोळी घेऊन ‘आता सराफ्यातच जेवू’ म्हणून अकरापर्यंत उपाशी राहायचं नाही. काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाते. आठला पोळी-भाजी नाहीतर वरण-भात असं थोडं जेवून घ्या, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, सराफ्यात चाखण्यापुरतं खा. वहिनींचा दोन चमच्यांचा नियम तुमच्यासाठी तर फारच चांगला आहे. गोडाचा एकच पदार्थ निवडा, तो दोघांत. आणि राजवाड्यापासून चालत जा-या, त्याचा उपयोगच होईल.

ए-२०३: ताई, हे फार बरं झालं तुम्ही लिहिलंत 🙏
काकू, गुडघ्यांसाठी दोन गोष्टी. तुम्हा दोघांना सुट्टीची अडचण नाही, तर शनिवार-रविवार जाऊच नका. मंगळवार-बुधवार धरा. शनिवारी रात्री त्या गल्लीत खांद्याला खांदा लागतो. दुसरं, नऊच्या सुमारास पोचा, दुकानं नुकती लागत असतात तेव्हा. बंद सराफी दुकानांच्या पायऱ्या असतात, तिथे लोक बसून खातात. मी पायरीवर बसायचे, आमचे हे द्रोण घेऊन यायचे. घरी आम्ही जेवताना एकमेकांशी फारसं बोलत नाही, टीव्ही असतो किंवा मुलीचा अभ्यास. तिथे एका द्रोणात चमचे घालून आम्ही तास-दीड तास बोलत बसलो होतो.

बी-६०४ काकू: हे वाचून डोळ्यात पाणी आलं बघ.

ए-५०२: आम्हाला मात्र शनि-रविच आहे वहिनी 😔 अवंतिकेने आलो तर एकच रात्र मिळते.

ए-२०३: गुरुवारी संध्याकाळी निघा, शुक्रवारची एक रजा टाका. शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री मिळतील. रजा मिळतच नसेल तर शनिवारचा दिवस रात्रीसाठी राखून ठेवा. सकाळी पोहे, दुपारी काहीतरी अगदी हलकं, चार ते सात झोप. खरंच झोपा, साडेनऊला ताजेतवाने असाल. दाल-बाफले रविवारी दुपारी खा, मग गाडीत झोपायचंच आहे.

ए-२०३: आणि हॉटेल घेताना नाश्ता जोडून घेऊ नका. पहिल्या वेळी आमच्या खोलीच्या भाड्यात नाश्ता होता. पैसे भरलेत म्हणून तो खाल्ला, थंड इडली आणि ब्रेड. त्या सकाळी शहरभर पोह्यांची वाफ निघत होती.

सी-७०१ काका: अरेरे. इंदूरची सकाळ म्हणजे पोहे-जिलेबी. इतर काही नाही. तिथले पोहे आपल्यासारखे कढईत परतून ठेवत नाहीत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांचं भांडं, खालून सतत वाफ, म्हणून तास झाला तरी मऊ. फोडणीत बडीशेप असते, किंचित साखर असते. वर कांदा, शेव, बुंदी आणि जिरावण. मऊ पोह्यात कुरकुरीत शेव आणि मधेच जिलेबीचा घास. पोहे होळकरांबरोबर आपल्याकडूनच तिकडे गेले असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. राजवाड्याजवळ उसळ-पोहेही मिळतात, ते खाताना तर माणसाला आपल्याच गावात असल्यासारखं वाटतं.

सी-३०१ दादा: जिरावण म्हणजे आपला चाट मसालाच ना?

सी-७०१ काका: नाही हो! जिरं-धने भाजलेले, आमचूर, काळं मीठ, हिंग, सुंठ, लवंग, प्रत्येक घराचं थोडं वेगळं. चाट मसाल्याचा आंबटपणा पुढे येतो, याचा वास पुढे येतो. काकडीवर घाला, उकडलेल्या बटाट्यावर घाला.

ए-५०२: छप्पन दुकान आणि सराफा दोन्ही करायचे का? की एकच?

ए-२०३: दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. छप्पन दुकान दिवसाचं. ५६ दुकानांची रांग, गाड्या आत येत नाहीत, बसायला जागा, स्वच्छ. काकू, गुडघ्यांसाठी तेच सोयीचं. तिथे संध्याकाळी पाचला शिकंजी प्या. नावावरून लिंबू सरबत समजू नका. आटवलेलं दूध, दही, केशर, सुकामेवा असं दाट असतं, अर्धा ग्लास पुरे. इंदुरी हॉट डॉगही तिथेच, तव्यावर भाजलेल्या पावात टिक्की. पण मला विचाराल तर पोहे, खोपरा पॅटिस आणि शिकंजी एवढ्यासाठी छप्पन, बाकी भूक सराफ्यासाठी.

बी-१०२ डॉक्टर ताई: स्वच्छतेचं कसं? रस्त्यावर खायचं म्हणजे मला आधी पाणीच आठवतं.

सी-७०१ काका: स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिलं आहे, २०२३ ला सुरतबरोबर. सराफ्यात मध्यरात्रीसुद्धा लोक द्रोण डब्यातच टाकतात. आमच्या लहानपणी असं नव्हतं, हे त्या शहराने कमावलंय. मला फार अभिमान वाटतो.

ए-२०३: तरी पाणी बाटलीचंच प्या, आणि समोर गरम काढून देतात तेच खा. आम्हाला दोन्ही वेळा काही त्रास झाला नाही.

सी-३०१ दादा: सगळं पटलं, पण महेश्वर सोडणं मला जड जातंय. अहिल्याबाईंची राजधानी, नर्मदेचा घाट. इंदूरपर्यंत जाऊन तिथे जायचं नाही?

ए-२०३: दादा, महेश्वर मलाही मनापासून आवडतं. म्हणूनच म्हणते, त्याला उरलेला अर्धा दिवस देऊ नका. ९० किलोमीटर जायचं, ९० यायचं, घाटावर वीस मिनिटं, लक्ष सगळं गाडीच्या वेळेकडे. तिथे घाटावर संध्याकाळ घालवायला वेगळं जा, मुक्कामाला जा. काकू-काका या वेळी खायला चाललेत.

सी-३०१ दादा: मान्य. काकू, माझा प्लॅन रद्द 🙂 राजवाडा मात्र आतून बघा, तेवढं पोटाच्या आड येणार नाही. आणि लतादीदींचा जन्म इंदूरचाच, २८ सप्टेंबर १९२९. काकांना जुनी गाणी आवडतात म्हणून सांगितलं.

बी-६०४ काकू: ह्यांनी वाचलं, खूश आहेत. तर ठरलं: सोमवारी संध्याकाळची गाडी, मंगळवार-बुधवार दोन रात्री, गुरुवारी संध्याकाळी परत. उद्याच ह्यांच्या डॉक्टरांची वेळ घेते. हॉटेल राजवाड्याजवळ, नाश्त्याशिवाय. आठला थोडं जेवण, नऊला सराफा, एक प्लेट दोन चमचे. डिसेंबरात खास काही मिळतं का?

सी-७०१ काका: गराडू! थंडीतच मिळतो. कंद आहे, सोलून तुकडे करून तळतात, मग पुन्हा कडक तळतात, वर जिरावण आणि लिंबू. बाहेरून खुसखुशीत, आत पिठूळ. सराफ्यात शिरल्या शिरल्या त्याचा वास येतो.

ए-२०३: मी तो अजून खाल्लेला नाही. जानेवारीत होता तेव्हा पोट भरलेलं होतं, आणि ऑगस्टमध्ये गेलो तर हंगाम नव्हता.

बी-६०४ काकू: मग तुझ्या वाटचा पहिला घास मी घेते. फोटो टाकते ग्रुपवर.

ए-२०३: फोटो नको काकू, चव कशी होती ते लिहा. सविस्तर लिहा.