१०० मीटरला स्टार्ट सुधारायचा तर रिअ‍ॅक्शन टाइमवर मेहनत घ्यायची का?

प्रश्न: माझा रिअ‍ॅक्शन टाइम (गन वाजल्यापासून हलेपर्यंतचा वेळ) ०.१९ सेकंदाच्या आसपास येतो, सोबतची मुलं ०.१५ ला सुटतात आणि पहिल्या दहा मीटरमध्येच मी मागे पडतो. हे सरावाने कमी होतं का?

उत्तर १: थोडंफार होतं, पण दहा मीटरमध्ये मागे पडायचं कारण बहुतेक वेगळंच आहे. पॅरिस २०२४ ऑलिंपिकची फायनल बघ, नोआ लाइल्स ०.१७८ ला सुटला, म्हणजे बऱ्यापैकी उशिरा, तरी ९.७९ मध्ये गोल्ड. बर्लिनला बोल्टने ९.५८ मारले तेव्हाही त्याचा ०.१४६ च होता. तुझा फरक ०.०४ चा, बाकीचं ब्लॉकमधून (स्टार्टला पाय टेकवतो ते) ढकलण्यात जातंय. सेट पोझिशनचा ('सेट' म्हटल्यावर कंबर उचलून थांबतो ती) बाजूने व्हिडिओ काढ, पुढच्या गुडघ्याचा कोन साधारण ९० आणि मागच्याचा १२०-१३० आहे का बघ, आणि पहिल्या पावलालाच मान वर करून उभा राहतोस का तेही, कारण बरेच जण तिथेच सगळा जोर घालवतात.

उत्तर २: सहमत. फक्त गनचा अंदाज बांधून सुटायची सवय लावू नकोस प्लीज. ०.१०० च्या आत हललास की फॉल्स स्टार्ट धरतात, २०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला हर्डलर डेव्हन अ‍ॅलन ०.०९९ ला बाद झाला. जोडीदाराला सेट म्हटल्यावर दरवेळी कमीजास्त थांबून टाळी वाजवायला सांग.

प्रश्नकर्ता: व्हिडिओ काढला, मागचा पाय जवळजवळ सरळच आहे! मागचा ब्लॉक पुढे घेऊन बघतो.