संपादक ग्रंथकार होतो तेव्हा : केळकर आणि तळवलकर कसे वाचावेत?

माहुलीकर, सातारा
वृत्तपत्राच्या संपादकपदाबरोबर किंवा त्यानंतर ग्रंथलेखन करणाऱ्यांवर आमच्या वाचक मंडळात मला बोलायचे आहे. सुरुवात ‘केसरी’चे संपादक राहिलेल्या न. चिं. केळकरांपासून करावी म्हणतो, कारण टिळकांच्या बोलावण्यावरून 1896 मध्ये पुण्याला जाण्यापूर्वी ते साताऱ्यातच वकिली करत होते. अग्रलेखांचे संग्रह आणि मुळातच ग्रंथ म्हणून लिहिलेली पुस्तके एकाच मापाने मोजावीत काय? शिवाय पद सुटल्यावरच संपादकाच्या हातून खरा ग्रंथ होतो, हे कितपत खरे आहे?

कृष्णाकाठ, सांगली
केळकरांच्या बाबतीत ते मुळीच खरे नाही. मराठी सत्तेच्या अस्ताला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने ‘मराठे व इंग्रज’ 1918 मध्ये आले आणि टिळकचरित्राचे तीन खंड 1923 ते 1928 या काळात, म्हणजे राजकारणाची धावपळ ऐन भरात असताना. चरित्रातला 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्याचा भाग आपण अवश्य वाचावा. टिळक तुरुंगात गेल्यावर ज्यांच्या खांद्यावर वृत्तपत्राचा भार आला, त्यांनीच पुढे त्या खटल्याची हकिकत लिहिली आहे. त्यामुळे तपशील आतला मिळतो, परंतु टिळकांपासून चार पावले दूर उभे राहून केलेले परीक्षण त्यात शोधू नये. माझ्या मते ही त्या चरित्राची मर्यादा आहे आणि तेच त्याचे मोलही आहे.

जुना वर्गणीदार, मिरज
केळकरांचे शिक्षण मिरजेत झाले, म्हणून आम्हालाही त्यांच्याविषयी आपुलकी आहे. तरीही आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी गोविंद तळवलकर अधिक उपयोगी पडतील. ते 1968 ते 1996 ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांचे त्यांचे इंग्रजी चरित्र 2015 मध्ये, त्यांच्या वयाच्या नव्वदीच्या सुमारास प्रसिद्ध झाले. अग्रलेख त्याच रात्री छापायला जातो, त्यामुळे हाताशी असेल तेवढ्याच माहितीवर मत द्यावे लागते. चरित्रकाराला मात्र एखाद्या पत्राची तारीख जुळेना तर प्रकरण थांबवून ठेवता येते. म्हणून दोहोंना एक माप लावू नये. अग्रलेख वाचताना त्या दिवशी लेखकाला काय ठाऊक असणे शक्य होते, एवढेच पाहावे. मात्र निवृत्तीने फक्त सवड मिळते. तळवलकरांचा व्यासंग पदावर असतानाचाच होता, आणि ‘वाचता वाचता’ हे त्यांचे ग्रंथविषयक लेखन त्याची साक्ष देते.

माहुलीकर, सातारा
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता 1897 च्या खटल्यासंबंधीचे ‘केसरी’तले त्या वेळचे लेखन आणि चरित्रातले तेच प्रकरण शेजारी ठेवून मंडळात वाचून दाखवीन.