आधी मूळ मोड फाइल शोधा

अमिगा या जुन्या संगणकावर केलेल्या ट्रॅकचा आवाज सुधारायला त्याची एमपी३ प्रत २४ बिटमध्ये बदलून इक्वलायझर लावावा, असं कुणीतरी सुचवलंय. त्यानं फाइल फुगेल, पण एमपी३ करताना जे गेलं ते परत येणार नाही. मूळ मोड फाइल, म्हणजे गाणं ज्यात रचलं ती फाइल, हाताशी असेल तर तीच ओपनएमपीटी या अशा फाइलींसाठीच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. तिच्यात नोट्स आणि ८ बिटचे सॅम्पल (वाद्यांच्या आवाजाचे छोटे तुकडे) वेगवेगळे असतात, त्यामुळे गाणं नव्यानं रेंडर करता येतं, म्हणजे त्याची आवाजाची फाइल पुन्हा बनवता येते.

हेडफोनवर सगळ्यात जास्त खुपतं ते स्टिरिओ. अमिगाच्या पॉला या आवाजाच्या चिपला चारच चॅनल: पहिला आणि चौथा पूर्ण डावीकडे, दुसरा आणि तिसरा पूर्ण उजवीकडे. म्हणजे ड्रम एका कानात, बेस दुसऱ्या! ओपनएमपीटीत स्टिरिओ सेपरेशन (डावं-उजवं किती वेगळं ऐकू येतं ते) हळूहळू कमी करत जा, कानावरचा ताण लगेच उतरतो.

इंटरपोलेशन, म्हणजे सॅम्पलच्या बिंदूंमधल्या जागा भरून आवाज गुळगुळीत करणं, मात्र जपून. खरखर जाते, पण हाय-हॅटची (ड्रमसोबतच्या झांजेची) धारही बोथट होते, आणि मला तर ती धार फार प्रिय आहे. म्हणून मी प्रत्येक चॅनल वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढतो. सुरावटीला इंटरपोलेशन, ड्रमला अजिबात नाही. रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) हाही हलकासा, फक्त सुरावटीवर. बेसला लावलात की सगळं गढूळ होतं.