मदत हवी आहे: जर्नल सिकलसेलच्या अभ्यासाचा डेटा खुला मागतंय, पण बायका ओळखू येतात

नमस्कार मंडळी,

नंदुरबार जिल्ह्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी डॉक्टर आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांची बाळंतपणं कशी होतात याच्या नोंदी आम्ही काही वर्षं ठेवल्या आणि त्यावरचा पेपर एका परदेशी जर्नलला पाठवला. परीक्षकांचे शेरे चांगले आले. आता संपादकांचं पत्र आलंय: ज्या तक्त्यावरून आकडे काढले तो सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोणालाही उघडता येणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, ठेवा, ठेवणार नसाल तर कारण लिहा. उत्तराला तीन आठवडे आहेत.

डेटा खुला असावा हे मला मनापासून पटतं. आमच्याकडे एकाही जर्नलची वर्गणी नाही. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सरकारी संस्थांसाठी आहे, आम्ही तिच्यात बसत नाही. रात्री एखादी बाई हिमोग्लोबिन पाचवर घेऊन येते, तिला रक्त कधी आणि किती द्यावं म्हणून पेपर शोधावा, तर सारांश दिसतो आणि खाली डॉलरमध्ये किंमत. जे पेपर उघडतात त्यांत नुसती टक्केवारी. एवढ्या अशक्त बायकांचं पुढे काय झालं हे मूळ नोंदींशिवाय कळत नाही. म्हणून आमच्याच नोंदी कुलपात ठेवायला मन घेत नाही.

अडलंय ते इथे. नाव, फोन, आधार, केसपेपर नंबर, सगळं काढलं. मग या नोंदी घेण्यात पहिल्या दिवसापासून असलेल्या सिस्टरना तक्ता दाखवला. वय, पाडा, जमात, बाळंतपणाची तारीख, कितवी खेप, रक्ताचा रिपोर्ट, बाळाचं काय झालं, एवढेच रकाने. सिस्टरनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, ही तर ओढ्यापलीकडची सून." त्या ओळीत काय होतं ते इथे लिहीत नाही. पाड्याचा रकाना उडवला, तरी पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी आणखी तिघी ओळखल्या. घरात सिकल आहे हे पसरलं की इकडे धाकट्या बहिणीची सोयरीक मोडते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

आणि संमतीपत्रात आम्ही लिहिलंय, "तुमची माहिती गुप्त ठेवली जाईल." दुसऱ्या संशोधकांना देऊ, असं एक अक्षर नाही. बायकांनी अंगठे त्याच कागदावर दिलेत.

तर, तक्ता कुणाला ओळखू न येण्याइतका पुसट करून पुन्हा कामाचा ठेवता येतो का? की सरळ नकार कळवावा? संपादकांनी नियम म्हणून आयसीएमजेईचा, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा, हवाला दिलाय. आणि पेपर सगळ्यांना खुला ठेवायचा तर दोन लाखांच्या पुढे फी मागतायत, ती आमच्याकडे नाही. वर्गणीदारांपुरता ठेवला तर फी नाही. पण मग आमच्याच सिस्टरना तो वाचता येणार नाही.

प्रतिसाद १

मॅडम, आधी आयसीएमजेईचं. तो नियम क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहणाऱ्या चाचण्यांसाठी, आहे. १ जुलै २०१८ पासून ट्रायलच्या पेपरात डेटाबद्दल निवेदन लागतं: देणार का, काय, कधी, कोणाला. "देणार नाही" हेही त्यात चालतं. तुमचा अभ्यास नुसत्या नोंदींचा. म्हणजे ही अट जर्नलची स्वतःची आहे, आणि कारण लिहायला जागा त्यांनीच ठेवली आहे.

सिस्टरना दाखवलंत हे फार योग्य केलंत. नाव काढलं की झालं, हा समज जुना आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी नाव काढलेल्या दवाखान्याच्या नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद शोधली होती, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदारयादीशी जुळवून. तिथल्या हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या नियमांत पिनकोडचे पहिले तीन आकडेही वस्ती वीस हजारांच्या वर असेल तरच ठेवता येतात. तुमच्या पाड्यात किती माणसं असतील?

करायचं असं: वयाचे गट करा, तारखेऐवजी वर्ष ठेवा, पाडा आणि जमात पूर्ण काढा. एकसारख्या दिसणाऱ्या किमान पाच ओळी नसतील तर तो गट आणखी मोठा करा. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं एसडीसीमायक्रो हे फुकट पॅकेज अशा ओळी शोधून देतं. उरलेला तक्ता परत सिस्टरसमोर ठेवा. त्यांची परीक्षा सॉफ्टवेअरपेक्षा कडक आहे. पण संमतीचा प्रश्न याने सुटत नाही. आधी संशोधनाला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे जा.

प्रतिसाद २

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. झेनोडो या ऑनलाइन रिपॉझिटरीवर नोंद आणि रकान्यांचं वर्णन खुलं ठेवून मूळ फाइल बंद ठेवता येते, डीओआय, म्हणजे हवाला द्यायला कायमचा ओळखक्रमांकही मिळतो. कोणी मागितली तर निर्णय एथिक्स कमिटीने घ्यावा, तसं लिहून द्या. संपर्कासाठी फक्त स्वतःचा ईमेल देऊ नका, उद्या तुम्ही नोकरी बदलाल.

फीबद्दल: गरीब देशांना जर्नलं फुकट किंवा स्वस्तात देणाऱ्या रिसर्चफॉरलाइफच्या यादीत भारत नाही, म्हणून आपोआप माफी मिळत नाही. विनंती बहुतेक ठिकाणी पेपर पाठवतानाच करावी लागते. तुम्ही वर्गणीवालाच मार्ग घ्या, आणि परीक्षकांच्या सूचना घालून स्वीकारलेली, पण त्यांनी न छापलेली तुमची प्रत रिपॉझिटरीत ठेवा. किती महिन्यांनी ठेवता येते ते 'ओपन पॉलिसी फाइंडर' या साइटवर (आधीचं नाव शेर्पा रोमिओ) जर्नलचं नाव टाकून दिसेल.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. आज सिस्टरसोबत पुन्हा बसले. गट केल्यावर त्यांना एकच बाई ओळखता आली, बाळंतपणात दगावलेली. ती ओळ मी काढली आणि तसं निवेदनात लिहिणार आहे. पण ती काढल्यावर मृत्यूच तक्त्यातून नाहीसा होतो, याचा त्रास होतोय. कोणाला दुसरा मार्ग माहीत असेल तर सांगा.

कमिटीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. पुढच्या अभ्यासासाठी संमतीपत्रात वाक्य घातलंय: "तुमचं नाव आणि गाव काढून ही माहिती दुसऱ्या डॉक्टरांना अभ्यासासाठी देऊ का? नको म्हणालात तरी उपचार तसेच मिळतील." सिस्टर म्हणतात, हे कागदावर ठीक, पण बोलून सांगावं लागेल, तेही पावरीत, इकडच्या आदिवासी बोलीत. तिथे "दुसऱ्या डॉक्टरांना देऊ" याचा अर्थ तुम्हाला दुसऱ्या दवाखान्यात पाठवू असा लागतो. पावरी किंवा भिलोरी बोलणारं कोणी इथे असेल तर या एका वाक्याला मदत करा.