मदत हवी आहे : भास होणाऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णाचा पेट स्कॅन (सांगली-मिरज)

रुग्ण ७४ वर्षांचे. संध्याकाळी सोप्यात लहान मुलं बसलेली दिसतात, ‘त्यांना चहा द्या’ म्हणतात. चाल मंदावलीय, भान दिवसागणिक कमी-जास्त. भासांची इतर कारणं म्हणून लघवीचा संसर्ग, सोडियम, मोतीबिंदू तपासून झालं. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग, अल्झायमरमध्ये तो आकसतो) बऱ्यापैकी शाबूत, म्हणून लेवी बॉडी या प्रकारच्या डिमेन्शियाचा संशय. भासांवरचं हॅलोपेरिडॉल हे औषध अर्थातच टाळलंय. अशा रुग्णांत ते जिवावर बेतू शकतं.

आता एफडीजी पेट (किरणोत्सारी ग्लुकोजसारखं द्रव्य टोचून मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणारा स्कॅन) करायचाय. ऑक्सिपिटल भागात (मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग) ग्लुकोजचा वापर घटलाय का आणि पोस्टेरिअर सिंग्युलेट (मेंदूच्या आतल्या बाजूचा मागचा पट्टा) तुलनेनं वाचलंय का, एवढंच बघायचंय; लेवी बॉडीत असं चित्र दिसतं. ४ ते ६ तास उपाशी, साखर आटोक्यात, इंजेक्शननंतर अर्धा तास मंद उजेडाच्या शांत खोलीत. घोडं इथंच अडतं : उजेड कमी झाला की भास वाढतात, रुग्ण उठून बसतात, बोलत सुटतात. दिवे लावून डोळे उघडे ठेवले तर ऑक्सिपिटल भागाचंच चित्र बदलतं. झोपेचं औषध आधी दिलं तर सगळाच मेंदू मंद दिसतो. अर्ध्या तासानंतर दिलं तर चित्राला धक्का नाही, पण लोराझेपाम या झोपेच्या औषधानं म्हातारी माणसं कधी कधी जास्तच बिथरतात.

त्या अर्ध्या तासात घरचं माणूस गप्प शेजारी बसवलं तर भागतं का? स्कॅन छोट्या तुकड्यांत घेऊन हललेला भाग वगळता येतो का? आणि ट्रोडॅट स्पेक्ट (मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी तपासणारा दुसरा स्कॅन) पुण्याच्या अलीकडे कुठं होतो?