फिरायला आलात आणि जेवण लक्षात राहिलं : बेळगाव सीमाभागाचे अनुभव

शहापूरकर
बेळगावला बहुतेक लोक वाटेतलं गाव म्हणून येतात. चोर्ला घाटाकडे वळायच्या आधी चहा घ्यायचा, कुंद्याचा, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचा, डबा उचलायचा आणि गोवा गाठायचं. जे थांबतात, ते मात्र परत गेल्यावर जेवणाचंच बोलतात. तेच इथे लिहावं अशी विनंती. यादी काढून, ठरवून गाठलेलं नको. न शोधता पुढ्यात आलेलं हवं. जिल्ह्याबरोबर शेजारचे विजापूर, धारवाड, कारवारही चालतील. हॉटेलचं नाव नसलं तरी चालेल, पण काय खाल्लं आणि ते तसं का लागलं ते नीट सांगा.

सुरुवात मीच करतो. पावसाळ्यात कणकुंबीला गेलो होतो, मलप्रभा नदीचा उगम बघायला. खानापूर तालुक्याच्या त्या टोकाला पाऊस असा की समोरचं देऊळ दिसेना. ज्या घराच्या पडवीत उभे होतो, तिथल्या मावशी म्हणाल्या, "भिजत कशाला उभारलाय? आत या की." आत उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. कोंब बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे, पाणी बदलायचं, तेव्हा कडवटपणा जातो, असं त्यांनी सांगितलं. भाजीत ओलं खोबरं आणि भिजवलेले चणे. मी बेळगावात वाढलो, कोंबांची भाजी मला नवी नाही. पण त्या पावसात, चुलीवरून थेट पानात आलेली ती भाजी वेगळीच होती. पैसे घ्यायला त्या तयार होईनात. शेवटी त्यांच्याकडून तांदूळ विकत घेतले.

मुळाकाठची
आम्ही पुण्याचे. नवऱ्याच्या मित्राकडे बेळगावात टिळकवाडीत दोन रात्री राहून पुढे दांडेलीला जायचं होतं. त्यांच्या नात्यात लग्न होतं आणि घरी मांडे करायला बायका आल्या होत्या. मांडे मी नुसते ऐकले होते. करताना बघितल्यावर दांडेलीचा बेत एक दिवस पुढे ढकलला.

कणीक चांगली मुरलेली, हाताला तार येईल इतकी सैल. आत पिठीसाखर, तूप, खसखस, वेलची. आधी जाडसर लाटून घेतात आणि मग लाटणं बाजूला ठेवून दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवतात. बघता बघता तो कोपरापर्यंत उतरतो, धुतलेल्या मलमलीसारखा पातळ. चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर तो अलगद सोडायचा. जाळ कमीजास्त झाला की संपलं, म्हणून एक बाई फक्त जाळाकडे बघत होती. गरम असतानाच घडी घालतात. निवला की तो कडक होतो, मग घडी घालता येत नाही.

मला दिलेला मांडा घडी घालता घालता फाटला होता, म्हणून गरमच मिळाला. कडा कुरकुरीत, मधे साखर नुकती विरघळलेली. पुढे पंगतीत मोडून, वर तूप-दूध घालून खाल्ला, तोही सुंदर; पण खापरावरून उतरलेला तो पहिला घास मला जास्त आवडला. या बायकांच्या हाताला मोल नाही. बेळगावात लग्नाला जाणार असाल तर एक दिवस आधी जा आणि मांडे कुठे चाललेत ते विचारा.

गोल घुमट पाहिलेला
विजापूर. घुमट बघून, मान दुखेपर्यंत वर बघून बाहेर आलो. रिक्षावाल्याला म्हटलं, तुम्ही जेवता तिथेच न्या. त्याने एका लिंगायत खानावळीत सोडलं.

बसल्याबसल्या ताटात कांद्याची पात, काकडी आणि मेथीची कच्ची जुडी. तशीच खायची, दह्याबरोबर. मग पापडासारखी मोडणारी ज्वारीची खडक, म्हणजे कडक, भाकरी; मऊ हवी असेल तर तीही मिळते. तेलात मुरलेली भरली वांगी, म्हणजे तिथली एण्णेगाई. मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, वर घट्ट दही. आमच्या सांगलीकडेही हेच सगळं होतं की, मग वेगळं काय? तर चटणी. शेंगदाणे, लसूण, तिखट उखळात इतके कुटलेले की चटणीला स्वतःचंच तेल सुटलेलं. मिक्सरमध्ये ते होत नाही, मी करून पाहिलंय. वाढणारे काका भाकरी संपायच्या आत दुसरी टाकत होते आणि नको म्हटलं तर खरंच वाईट वाटल्यासारखं बघत होते.

शहापूरकर
खडक भाकरी आठवडे टिकते. पूर्वी लांबच्या प्रवासाला हीच शिदोरी असायची. येताना एक चवड बांधून घ्यावी.

गडहिंग्लजची सून
मी वाढले मुंबईत. लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात सासरचे सगळे सौंदत्तीला निघाले, यल्लम्माला. मला ती सहलच वाटत होती. जोगुळभावीला आंघोळ करून डोंगरावर आलो, तर तळावर गाडीगणिक चुली पेटलेल्या. नैवेद्याला वरणा (एक प्रकारचा घेवडा) आणि वांग्याची भाजी, मेथी, भाकरी, आंबील, दहीभात, गाजर, कांद्याची पात. शेजारच्या ट्रॅक्टरवर अथणीकडचं कन्नड कुटुंब होतं. त्यांच्या आजींना मराठी येत नव्हतं, सासूबाईंना मोडकंतोडकं कन्नड येत होतं. नैवेद्य झाल्यावर आजींनी परातीतून अंबाडीची भाजी आणली. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची खमंग फोडणी. आमच्याकडून आंबील गेली.

अंबाडीचा आंबटपणा आणि कण्यांचा मऊपणा, त्यावर कच्चं तेल. मुंबईत अंबाडी कधी घरी आली नव्हती. आता मी शोधून आणते आणि कण्या घालूनच करते. सीमेवरच्या भांडणाचं खूप वाचलंय, पण त्या तळावर भाजी कुणाची हे कुणी विचारलं नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

भटकंती
गोकाकचा धबधबा, भर पावसात. घटप्रभा 52 मीटरवरून पडते, झुलत्या पुलावर उभं राहिलं की अंगावर तुषार येतात. करदंट ही तिथली मिठाई, ती विकत घ्यायची असते एवढंच माहीत होतं. दुकानदाराने सकाळी केलेलं, अजून नरम असलेलं चाखायला दिलं. तळून फुललेला डिंक दाताखाली फुटतो, मागून गूळ, सुकं खोबरं, खारीक, काजू-बदाम. ओल्या कपड्यांत थंडीने कुडकुडत होतो, त्यामुळे अंगात ऊब आली. तिकडे बाळंतिणीला का देतात ते कळलं. खोक्यातलं नंतर घरी खाल्लं, छानच होतं, पण नरम करदंट तिथेच.

निपाणी–संकेश्वर
हायवेवर संकेश्वरला थांबलात तर मिरची घ्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. आई दोन्ही मिसळूनच चटणी करते. खाण्याचं म्हणाल तर बाजाराच्या दिवशी गाड्यावरची मिरची भजी आणि चुरमुरे. बस, एवढंच.

काळीकाठ
उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्याच्या जंगलात पक्षी बघायला गेलो होतो, हिवाळ्यात. कुणबी घरात मुक्काम. सकाळी नाश्त्याला पोहे-उप्पीट असेल असं धरून चाललो होतो, तर पुढ्यात उकडलेल्या कंदांची टोपली. वेगवेगळ्या रंगांचे, कुणी पिठूळ, कुणी चिकट, एक तर रताळ्याहून गोड. सोबत मीठ आणि ओल्या मिरचीची चटणी. घरच्या दादांनी कुठला कंद मळ्यात लावलेला, कुठला रानातून खणून आणलेला, आणि कुठला नीट शिजवला नाही तर घसा खाजवतो, ते हातात घेऊन दाखवलं. जोयड्यात कंदमुळांचा मेळाही भरतो, जमलं तर त्या सुमारास जा. पुढे कारवारला मासे खाल्ले, ते उत्तमच. पण तशी अपेक्षा घेऊनच गेलो होतो, म्हणून इथे लिहीत नाही.

मुळाकाठची
शहापूरकर, कुंद्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! प्रवासात टिकतो का?

शहापूरकर
दूध तासन्‌तास आटवून, साखरेबरोबर तांबूस होईपर्यंत परतलेला असतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांना काही होत नाही. फक्त गरम असताना डबा बंद करू नका. आणि घ्याल तेव्हा रवाळ बघून घ्या, गुळगुळीत नको.

येळ्ळूरचा पाहुणा
राजहंसगड चढून उतरलो आणि पायथ्याच्या गावात एका घरासमोरून जाताना वास आला. भाताचाच वास, पण इतका की पाय थांबले. ओळखीचा मित्र त्याच गावचा, म्हणाला बेळगावी बासमती शिजतोय. त्याच्या घरी जेवायला बसलो, तर भात लांब दाण्याचा नव्हता, वास मात्र ताटाबाहेर येत होता. वर नुसतं साधं वरण, तूप, मीठ, लिंबाची फोड. मित्राचे वडील सांगत होते की हे पीक उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं, पोतीही कमी पडतात, म्हणून बरेच जण दुसरं बियाणं लावतात. ते स्वतः घरापुरतं तरी एक वाफा राखतात. दुकानात या नावाने काहीही मिळतं, तेव्हा शेतकऱ्याच्या ओळखीनेच घ्यावा आणि सुगी झाल्यावर घ्यावा. जुना झाला की वास उतरतो.